अकरा वाजून चार मिनिटांची नोंद

"फोन इथं टाका," पाटगावकर सर म्हणाले आणि वेताची परडी माझ्यापुढे धरली. आत आधीच चार फोन पडले होते, उताणे, आवाज बंद केलेले.

"सर, माझा राहू दे. रेवाला काल संध्याकाळी कणकण होती."

"म्हणूनच टाक." सरांनी परडी आणखी पुढे सरकवली. "घोरपडे मॅडम पुण्याहून कशाला येतायत? आमच्याकडची आई फोनकडं बघत नाही, हे बघायला. पडदा हिरवा, आई निवांत. तूच जर दर दोन मिनिटाला फोन चाचपायला लागलीस, तर मी त्यांना दाखवू काय?"

मी फोन टाकला. सरांनी त्यावर रुमाल पसरला, पोळ्यांवर पसरतात तसा.

"आणि चेहरा जरा सैल सोड, संयोगिता. आज तू आमचा नमुना आहेस."

या गोष्टीला आता दहा वर्षं होऊन गेली. तेव्हा आमची कंपनी राजारामपुरीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती आणि तळमजल्यावर कंपनीचं पाळणाघर होतं. पाळणाघर सरांना दयाबुद्धीने सुचलं नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या आम्ही तिघींनी एकाच आठवड्यात राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा सुचलं. सहा पोरं, एक हौसामावशी, भिंतीवर हत्ती. माझी रेवा तिथे रुजू झाली तेव्हा नऊ महिन्यांची होती.

मी दिवसातून चौदा वेळा खाली जायचे. चौदा हा आकडा माझा नाही. माझ्या शेजारी बसणारा इरफान मुजावर पांढऱ्या फळ्यावर रेघा मारून हिशेब ठेवायचा. जिना उतरायचे, काचेतून बघायचे, पोट वरखाली होतंय याची खात्री करायचे, वर यायचे. खुर्ची गरम व्हायच्या आत मनात यायचं, आता होतंय ना वरखाली?

कारण नव्हतं असं नाही. सातव्या महिन्यात रेवाला ताप चढून आचके आले होते. दीड मिनिट. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मुलांना येतात, घाबरू नका, फक्त ताप चढू देऊ नका. शंभरच्या वर गेला की ताबडतोब औषध, आणि दोन औषधांत सहा तासांचं अंतर. 'घाबरू नका' एवढं सोडून बाकी सगळं मी जाड पेनाने चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी रेवाच्या पिशवीला कायमची टाचून टाकली.

"तू स्वतःच एक टायमर झालीयेस," सर एकदा मला जिन्यात गाठून म्हणाले होते. "हेच कॉम्प्युटरला करायला लाव की. दर तासाला ताप, दर तीन तासाला दूध, दर दोन तासाला लंगोट. मावशी टॅबवर नोंद करेल, तुम्हाला वर पडद्यावर दिसेल. पाळणाघरांना विकू आपण हे."

मला कल्पना आवडली, हे कबूल केलं पाहिजे. इतकी आवडली की मी चार दिवस जिना उतरले नाही.

प्रोग्रॅम साधा होता. प्रत्येक काम म्हणजे एक ऑब्जेक्ट. रेवाचा ताप हा एक, रेवाचं दूध दुसरा, शेजारच्या नीलचा लंगोट तिसरा. प्रत्येकाला आपण कोणाचे, दर किती वेळाने उठायचं आणि उठल्यावर काय करायचं एवढं ठाऊक. त्यांना उठवायला एक टायमर. टायमर म्हणजे ऑफिसातला शिपाई समजा. त्याच्या हातात यादी. वेळ झाली की तो त्या त्या कामाच्या दारावर जातो, टकटक करतो, काम होईपर्यंत थांबतो, मग पुढचं दार. खाली टॅब पिपाणीसारखा वाजवायचा तोच, मावशींनी लिहिलेली नोंद दर पाच मिनिटांनी उचलून वर आणायचा तोच, आणि आईबापांच्या फोनवर निरोप धाडायचा तोही तोच.

सगळ्यांना मिळून एकच शिपाई. तो एखाद्या दारात अडखळून पडला, तर पुढच्या दारांवर कोणी जात नाही, आणि तो पडलाय हे सांगायलाही कोणी येत नाही. हे मला माहीत होतं. कॉलेजात दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. प्रत्येक दारापुढे सतरंजी अंथरायची असते, म्हणजे पडला तरी उठून पुढे जातो. मी त्या जागी एक शेरा लिहून ठेवला होता: 'इथं नंतर बघू. सं.' कारण सरांनी तारीख आठ दिवस अलीकडे ओढली होती.

त्या आठ दिवसांत सरांनी दोन सुधारणा सुचवल्या. पहिली, पडद्यावर लाल काही दिसता कामा नये. "लाल दिसलं की आया फोन करतात, मावशीला त्रास. दहा मिनिटांत नोंद आली नाही, तर आपोआप हिरवं कर. मावशीनं केलंच असणार की काम. ती काय बसून राहते होय?" दुसरी, मोकळी चौकट दिसता कामा नये. "नवा आकडा नसेल, तर आधीचाच दाखव. मोकळी चौकट बघून माणूस दचकतो."

मी दोन्ही करून दिल्या. अर्ध्या तासात.

*

घोरपडे मॅडम साडेदहाला आल्या. पुण्यात त्यांची पाच पाळणाघरं. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या वयाच्या, पण नजर अशी की आल्या आल्या त्यांनी आमच्या पंख्यावरची धूळ बघून घेतली. सरांनी त्यांना गुच्छ दिला, पेढा दिला आणि मग आमच्याकडे वळले.

"हा इरफान, टेस्टिंग बघतो. आणि ही संयोगिता. सगळी सिस्टिम हिनं लिहिलीय. पूर्ण ऑब्जेक्ट ओरिएंटेड."

"म्हणजे काय हो?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे," सर म्हणाले, आणि पुढचं त्यांना येत नव्हतं, "लेटेस्ट."

इरफानने खिडकीबाहेर बघितलं.

"आणि हिची स्वतःची मुलगी आत्ता खाली आहे, मॅडम. काल ताप होता तिला. पण चेहरा बघा हिचा."

मॅडमनी बघितला. मी सैल सोडला.

"तुमचाही नंबर मी रेवाच्या नावावर टाकून ठेवलाय," सर पुढे म्हणाले. "आई, बाबा आणि आमचे सन्माननीय पाहुणे. रेवाचं काहीही झालं की निरोप थेट तुमच्या फोनवर. म्हणजे आईला काय वाटतं ते तुम्हालाही अनुभवता येईल."

"आईला काय वाटतं ते मला तीन वेळा अनुभवता आलंय, पाटगावकर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सिस्टिम दाखवा."

मग सर पाऊण तास बोलले. मध्येच पावणेअकराच्या सुमाराला "दोन मिनिटांत आलो, उपकरणं घेऊन येतो" म्हणून खाली गेले आणि निळ्या मखमलीचा एक डबा घेऊन वर आले. दार लावताना वॉचमनला म्हणाले, "दोन वाजेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही. कोण का असेना."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सहा पोरांच्या सहा ओळी होत्या. रेवाची तिसरी. दहा वाजता ताप ९८.६, हिरवा. अकरा वाजून गेले, चौकट काही वेळ पांढरीच राहिली. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती हिरवी झाली. ९८.६.

बारानंतर पुन्हा तसंच. ९८.६.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या दोन तासांइतकी निवांत मी बाळंतपणापासून कधी नव्हते. जिना नाही, काच नाही, पोट वरखाली होतंय का नाही. खुर्ची गरम झाली. मी पेढाही खाल्ला. इरफान माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आज फळ्यावर एक पण रेघ नाही. विक्रम आहे."

"सिस्टिम आहे बाबा," मी म्हणाले. सरांचाच सूर लागला होता मला.

"सिस्टिम बरी गप्प आहे पण. सकाळी खालून तेवढं पीं-पीं ऐकू येत होतं."

"पोरं झोपली असतील."

"पोरं झोपल्यावर टॅब पण झोपतो?"

तेवढ्यात सरांनी आमच्याकडे डोळे वटारले, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

एकच्या सुमाराला माझा पान्हा दाटला. रोज या वेळी दाटायचा. घड्याळ बघावं लागायचं नाही, ओढणी सारखी करावी लागायची. मला आठवलं की रेवाला साडेबाराला दूध द्यायचं, आणि त्याची आठवण फोनवर येते. मग आठवलं, फोन परडीत आहे. पडद्यावर बघितलं. दूध, हिरवं. ताप, ९८.६. म्हणजे डब्यातलं वरचं दूध मावशींनी पाजलं. मी ओढणी आवळून घेतली आणि बसून राहिले. समोर पाहुणे होते, आणि मी नमुना होते.

"हा डबा कसला?" घोरपडे मॅडमनी विचारलं.

"हां, हे महत्त्वाचं." सरांनी मखमलीचा डबा पुढे ओढला. "नुसतं सॉफ्टवेअर नाही, मॅडम. अचूक उपकरणं. हीच उपकरणं खाली चोवीस तास वापरात असतात." त्यांनी झाकण उघडलं.

आत दुधाचं एक मोजमाप, वजनाचा छोटा काटा आणि एक तापमापक होता. तापमापकाच्या शेपटाला लाल लोकरीचा दोरा.

तो दोरा मला माहीत होता. खेळण्यांत हरवतो म्हणून हौसामावशींनी आपल्या नातवाच्या टोपड्यातली लोकर काढून बांधला होता. खाली तापमापक तेवढा एकच होता.

मी दोऱ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. चौकट नुकतीच हिरवी होत होती. ९८.६.

"सर, हा डबा तुम्ही किती वाजता आणला?"

"संयोगिता, मॅडमचं चाललंय ना."

"किती वाजता?"

"मघाशी. पावणेअकरा."

"मग अकराला कशानं मोजला?"

इरफान उठून उभा राहिला. माझी खुर्ची मागे पडली एवढं आठवतं. दार उघडलं तर वॉचमन बाहेर होता. तो म्हणाला, "मॅडम, खालची मावशी दोनदा धाडून राहिली मला, पण साहेबांनी..." त्याचं वाक्य मी जिन्यात टाकून गेले.

*

रेवा पाळण्यात नव्हती. मोरीच्या दाराशी हौसामावशी फतकल मारून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर रेवा, अंगावर फक्त लंगोट. मावशी कोमट पाण्याचं फडकं तिच्या काखेत धरून होत्या. बाकीची पाच पोरं भिंतीकडेला ओळीने झोपली होती. रेवाचे गाल लाल, डोळे उघडे. मला बघून तिने ओठ काढला, पण रडली नाही.

मी कपाळाला हात लावला.

"आता उतरलाय," मावशी म्हणाल्या. "अकराला बघाया पायजे हुतं. चटका बसत हुता हाताला."

"आचके?"

"न्हाई. येऊ दिलं न्हाई."

मी वर बघितलं. भिंतीला लावलेल्या टॅबवर रेवाची ओळ होती. ताप ९८.६, औषध: गरज नाही. माझ्या हातांना ते काही पटेना. मी पिशवी उपसली, औषधाची बाटली काढली, मापात ओतायला लागले. घाईत निम्मं पिशवीवर सांडलं.

मावशींनी माझं मनगट धरलं. सहा पोरं उचलणाऱ्या बाईची पकड असते तशी पकड होती ती.

"परत दिऊ नगा, ताई. मी दिलंय अकरा वीसला. चिठ्ठीत लिवल्यापरमानं. आता पाच वीसच्या आदी न्हाई."

"कुठं लिहिलंय तुम्ही? इथं काहीच नाही."

"लिवलंय की." त्यांनी टॅबकडे हनुवटीने दाखवलं. "त्या तापाच्या घरात आकडा कुठला लिवू? साहेब मापक घिऊन गेलं. मग मला जे कळलं ते लिवलं. त्यानंतर ते पिपानं गप झालं ते झालंच. तुमास्नी फोन लावला तीनदा. वॉचमनला धाडला. पोरांस्नी टाकून वर कशी यिऊ?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. तापाच्या चौकटीत आकडा यायला हवा होता. मावशींनी खरं ते लिहिलं, शब्दांत. पाच मिनिटांनी टायमर आला, त्याने ते उचललं, त्याला त्याचा आकडा करता येईना, आणि तो त्या दारात आडवा झाला. सतरंजी नव्हती. 'इथं नंतर बघू. सं.' पडदा रंगवणारा भाग मात्र वेगळा होता. तो ठणठणीत होता. दोन तास तो नेमाने दर साठ मिनिटांनी माझ्यासाठी खोटं रंगवत होता, आणि तो रंग मीच कालवून दिला होता.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. पुढे सर, मागे रेलिंग धरून घोरपडे मॅडम.

"बघितलंत?" सर शेवटच्या पायरीवरूनच म्हणाले. दम लागला होता, पण आवाज बसला नव्हता. "पडद्यावर काहीतरी बारीक खटकलं आणि आई तीस सेकंदांत मुलापाशी. सिस्टिमनं आईला खाली पाठवलं, मॅडम."

मी मॅडमचा हात धरला आणि रेवाच्या कपाळावर ठेवला.

"चांगलाच ताप आहे की," मॅडम म्हणाल्या.

मग मी त्यांना टॅब दाखवला.

मॅडमनी चष्मा वर केला, हिरवी चौकट वाचली, पुन्हा रेवाकडे बघितलं. सर घसा खाकरत होते.

"म्हणजे हे लाल होत नाही?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही."

"कधी नाही?"

"कधीच नाही. नोंद आली नाही की दहा मिनिटांनी आपोआप हिरवं. आकडा नसेल तर आधीचा."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ही बाई पाटगावकर सरांना पायताणानं मारणार.

मॅडमनी टॅबच्या काचेवरून बोट फिरवलं. "माझ्याकडे दिवसाला साठ फोन येतात," त्या हळूच म्हणाल्या. "माझं बाळ जेवलं का, माझं बाळ झोपलं का. साठ. तुमचं हे असं कायम हिरवं राहणार असेल ना, पाटगावकर, तर मला पाचही ठिकाणी लावून द्या."

सरांनी डोळे उघडले.

हौसामावशींनी फडकं पिळलं आणि दुसऱ्या काखेत धरलं.

*

डॉक्टरांचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. ते म्हणाले, साधा विषाणू आहे, औषध वेळेवर पोचलं म्हणून निभावलं. कोणी दिलं? मी सांगितलं. "त्या बाईंना सोडू नका," ते म्हणाले. ताप नव्व्याण्णववर आला होता. मी रेवाला घेऊन पिशवी आणि फोन आणायला परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. मॅडमची गाडी पुण्याला निघाली होती. रेवा मावशींच्या मांडीवर जाताच झोपली.

इरफान जिन्यात उभा होता. "सर म्हणतायत, टायमर चालू करून जा. बाकीच्या आया वर येऊन विचारायला लागल्यात, निरोप का येईनात म्हणून."

"फोन दे आधी माझा."

"परडी सरांच्या टेबलावर आहे. टायमर चालू झाल्याशिवाय देणार नाहीत."

मी खुर्चीत बसले. माझा शेरा पुसला, सतरंजी अंथरली. काम पडलं तर पडू दे, टायमरने पुढच्या दारावर जायचं. आकडा होत नसेल तर मावशींनी लिहिलेलं आहे तसं धाडायचं. नोंद नसेल तर चौकट मोकळी. अकरा ओळी, बारा मिनिटं. गेल्या आठ दिवसांत मला न सापडलेली बारा मिनिटं.

"थांब," इरफान माझ्या खांद्यावरून वाकला. "चालू करायच्या आधी हे बघ. टायमर आडवा झाल्यापासून मावशींनी लिहिलेलं सगळं साठून आहे. सतरा निरोप. चालू केलास की एका दमात जातील."

मी यादी उघडली. वाचली.

"पुसायचे का?" त्याने विचारलं.

"यातले रेवाचे किती?"

"आठ. आणि रेवाच्या नावावर फोन तीन आहेत. तुझा, रणजितचा..."

"तिसरा माहीत आहे मला."

"गाडीत असतील त्या. साताऱ्याच्या आसपास." त्याने सरांच्या केबिनकडे बघितलं. आत सर फोनवर कोणाला तरी पाच पाळणाघरांचं सांगत होते आणि खुर्ची गोल फिरवत होते. "चुकून गेले, असं सांगता येईल."

"चुकून कशाला," मी म्हणाले, आणि टायमर चालू केला.

आधी केबिनमधली परडी घुमायला लागली. रुमाल हलला. मग शिरोलीतून, कारखान्यातून, माझ्या नवऱ्याचा, रणजितचा फोन ऑफिसच्या नंबरवर आला. त्याला म्हटलं, पोरगी बरी आहे, बाकीचं घरी सांगते. पाच मिनिटांनी सरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, हसले, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"बोला मॅडम."

"पाटगावकर, माझ्या फोनवर आत्ता आठ निरोप आलेत," घोरपडे मॅडमचा आवाज गाडीतल्यासारखा येत होता. "तारीख आणि वेळेसकट. अकरा चारला तुमची बाई म्हणते चटका बसतोय. अकरा चाळीसला म्हणते आईला पाठवा. बारा पाचला परत. साडेबाराला म्हणते, 'वर कोन हाय का न्हाई.'"

"मॅडम, ते जरा तांत्रिक..."

"तुम्ही हिरवं दाखवता ते मला आवडलं होतं. पण हे लेखी आहे. उद्या माझ्याकडे एखाद्या पोराला काही झालं आणि आईच्या फोनमध्ये असलं काही निघालं, तर मी कुठं जाऊ? मला कायम हिरवं दाखवणारं पाहिजे, नाहीतर काहीच न दाखवणारं. असलं सगळं लिहून ठेवणारं नको."

फोन बंद झाला. सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात परडी होती.

"तू मुद्दाम केलंस."

"टायमर चालू करा म्हणालात, सर. त्याच्याकडे कामं शिल्लक होती."

"पुसता आले असते."

"हो."

त्यांनी माझा फोन परडीतून काढून टेबलावर ठेवला. आपटला नाही, हे सांगायला हवं. "उद्यापासून तुला जिना चढायची गरज नाही," ते म्हणाले.

इरफानने फळ्यावरच्या जुन्या रेघा पुसल्या. दुसरं काही करण्यासारखं त्याला सुचलं नसावं.

मी खाली गेले, मावशींच्या मांडीवरून रेवाला उचललं. मावशींना म्हटलं, मी उद्यापासून येणार नाही. त्या म्हणाल्या, "पाच वीसला औषध. इसरू नगा." त्यांनीच पिशवी माझ्या खांद्याला अडकवून दिली.

रिक्षात रेवा माझ्या छातीशी झोपली होती, गरम, पण माणसासारखी गरम. मी एका हाताने फोन उघडला. आठ निरोप एकाखाली एक पडले होते, सगळे एकाच मिनिटाला आलेले. अकरा चारचा, अकरा वीसचा, चाळीसचा. मी प्रत्येक वाचला, आणि प्रत्येक निरोपाच्या वेळी मी वर काय करत होते ते मला आठवत गेलं. अकरा चाळीसला मी पेढा खात होते.

सगळ्यात खालचा एक वाजून सतरा मिनिटांचा होता. तापाच्या चौकटीत, जिथे आकडा लिहायचा असतो तिथे, मावशींनी लिहिलं होतं: 'आई आली.'